त्रिज्या पाच

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे, भाताच्या जुन्या गोदामात कमळाकर सरांचे गणिताचे क्लास चालत. १९९१ साली तिथे शिक्षिकेची जागा निघाली आणि मला ती हवीच होती. एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. ‘शशिकला, अजून काही नाही का?’ हे ऐकून कान किटले होते. सरांची अट एकच, मुलांसमोर एक तास घेऊन दाखवायचा.

गणित त्यांनीच दिलं: दोन्ही अक्षांना स्पर्श करणारं आणि (१, २) या बिंदूतून जाणारं वर्तुळ काढा. मी फळ्यावर समीकरण सोडवलं. त्रिज्या आली एक किंवा पाच.

“पाच खोडा,” मागे खुर्चीत बसलेले सर म्हणाले. “फळ्यावर मावत नाही. आकृतीत मावेल तेच उत्तर, असं आम्ही शिकवतो.”

मुलांनी मुकाट्याने वहीतला पाच खोडलासुद्धा. माझं डोकंच फिरलं. मान डोलावली असती तर नोकरी तिथेच पदरात पडली असती. पण चुकीचं शिकवायचं तर एम.एस्सी. कशाला करायचं?

“सतरंजी गुंडाळा रे,” मी म्हटलं.

खाली चौकोनी फरश्या होत्या. कोपरा हा आरंभबिंदू, दोन भिंती हे अक्ष. एका भिंतीपासून एक फरशी, दुसरीपासून दोन, तिथे खडूने ठिपका दिला. दोन्ही भिंतींपासून पाच फरश्यांवर आपटा गावाहून येणाऱ्या वेणू नावाच्या मुलीला दोरीचं टोक धरून बसवलं. पाच फरश्यांएवढी दोरी घेतली, टोकाला खडू बांधला आणि निघाले. खडू एका भिंतीला टेकला, बरोबर ठिपक्यावरून गेला, दुसऱ्या भिंतीला टेकला.

“बाई, उत्तरं दोन हायत!” वेणू ओरडली.

खडू पुढे सरकत खुर्चीपाशी येऊन अडला.

“सर, जरा उठता का? तुम्ही उत्तरावर बसला आहात.”

सर उठले. मी खुर्ची सरकवून वर्तुळ पुरं केलं. त्यांनी वाकून ठिपक्यावरून गेलेली रेघ पाहिली.

“म्हणजे आजवर मी पोरांचे मार्क घालवले?”

“हो, सर.” जरा गोड बोलता आलं असतं, पण बोलले नाही.

सर मुलांकडे वळले. “खोडलेला पाच परत लिहा. आणि यापुढे मॅडमनी लिहिलेलं खोडायचं नाही. मी सांगितलं तरी.”