गार काच

"मामा, जावईबापू परत नापास?" वळूवाल्याने दारातूनच विचारलं.

मामांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "सगळे आडवे. एकसुद्धा हलत नाही."

"सकाळी तर नुसता उधळला होता हो. मला भिंतीला चेपलं."

"उधळण्याला मार्क नसतात."

जावईबापू म्हणजे कृत्रिम रेतन केंद्रातला सर्वांत जुना वळू. आयता खुराक, रोज अंघोळ, आणि काम विचाराल तर आठवड्यातून दोनदा, तेही क्षणभराचं. म्हणून हे नाव. त्याच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्यांतून किती वासरं जन्मली हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आता तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला की गाडी येणार होती, आणि ती गाडी सासुरवाडीला जात नसे.

नापास करायचं काम मामांचं. वीर्याचा थेंब काचेवर घ्यायचा, शुक्राणू हलतात का बघायचं, निकाल सांगायचा. आयुष्यभर त्यांनी एवढंच केलं. गोठ्यातले लोक त्यांना लाखो वासरांचे मामा म्हणत. 'बाप' हा शब्द सगळ्यांच्या ओठांवर येई, पण मामांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा जीभ मामावर थांबे.

त्याचं कारणही मामांनीच शोधलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी बायको म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवू या." मामा म्हणाले, "डॉक्टर काय वेगळं बघणार? माझा धंदाच तो." मग ऐन थंडीत, कोणी कामावर यायच्या आत, खिशात छोटी बाटली घालून ते सायकलवरून प्रयोगशाळेत आले आणि खिडकीशी बसून स्वतःच स्वतःला तपासलं. सगळे आडवे. घरी जाऊन त्यांनी निकाल सांगितला. विणायला घेतलेला छोटा स्वेटर बायकोने उसवला आणि त्या लोकरीचा मामांना मफलर केला. लोकर थोडी कमी पडली, म्हणून मफलर आखूड झाला. मामा तो अजून वापरत.

जनुकं तपासायला नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांना जावईबापूचा निकाल पटेना.

"मामा, याच्या जनुकांत काही खोट नाही. आजारही नाही. मग मरतायत कशाने?"

"वय झालं, बाई. आमचंही झालंय."

"वयाने कमी होतात हो. असे एकजात मरत नाहीत. या खेपेला मी जवळ उभी राहते."

तिसऱ्या तपासणीच्या सकाळी त्या खरोखरच येऊन उभ्या राहिल्या. मामांनी नेहमीसारखी तव्यावरची काच उचलली. तवा म्हणजे काच कोमट ठेवायची विजेची पट्टी. शुक्राणूंना थंडी सोसत नाही. गार काचेवर पडले की जागच्या जागी निपचित. तव्याचा लाल दिवा लागलेला होता. बाईंनी त्यावर तळहात टेकवला.

"हा बंद आहे."

"दिवा लागलाय की."

"दिवा लागलाय, मामा. तवा गार आहे."

"मग बाकीचे वळू कसे पास होतात?" वळूवाला म्हणाला.

मामांनी खिडकीकडे पाहिलं. टेबलावर ऊन यायला अवकाश होता. जावईबापूला वयाचा मान म्हणून दर खेपेला पहिला नंबर. इतरांची पाळी येईपर्यंत टेबल, तवा, काचा सगळं उन्हाने तापलेलं असे. बिचाऱ्याला मान नडला होता.

बाईंनी नवी काच दोन्ही तळव्यांत धरून कोमट केली आणि थेंब टाकला. "बघा आता."

मामांनी डोळा लावला. ढगच्या ढग उसळत होते.

"नळीत जिवंतच होते," बाई म्हणाल्या. "काचेवर मरत होते."

वळूवाला जावईबापूला बातमी सांगायला गेला. मामा तसेच वाकून बसले. थेंब सुकला तरी त्यांनी डोळा काढला नाही.

संध्याकाळी बायकोने चहा पुढे ठेवला. "काय झालं जावयाचं?"

"पास."

"मग तुमचं तोंड का उतरलंय? नोकरी जाणार होती ती त्याची."

मामांनी तव्याचं सांगितलं. लाल दिव्याचं, उन्हाचं, पहिल्या मानाचं. ती हसली. मग हसू ओसरलं.

"पूर्वी तवा नव्हता ना तुमच्याकडे? काच कशावर तापवायचात?"

"टेबलावर बल्ब होता. त्याच्याखाली धरायचो."

"आणि त्या दिवशी?"

कोणत्या दिवशी, हे मामांनी विचारलं नाही. मफलरचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"कोणी बघेल म्हणून लावला नाही."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू झाली आणि निघून गेली.

"चहा गार झाला तुमचा," ती म्हणाली. "द्या इकडे, गरम करून आणते."

कप घेऊन ती आत गेली. शेगडीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. गॅस पेटल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.