अर्धा डबा दूध

गॅलेशेवेच्या वस्तीत माणूस वारला की त्याला शनिवारी पुरतात, आणि पुरून आल्यावर अख्खी वस्ती त्याच्या अंगणात जेवते. गाय कापलेली असते, मक्याच्या कण्या, भात, कोबी, बीट सगळं असतं. पण ताट हातात आलं की लोक आधी विचारतात, बटाट्याचं सॅलड कुणी केलंय? नाव ऐकतात आणि मगच चमचा बुडवतात. गेली सव्वीस वर्षं या रस्त्यावर त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. गादिफेले.

मयताच्या छापील पत्रिकेत पाद्र्याचे आभार असतात, शवपेटीवाल्याचे असतात, खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याचेसुद्धा असतात. गादिफेलेचं नाव आजवर कुठल्याही पत्रिकेत छापलेलं नाही. मंडपात माईक धरून तासतासभर रडगाणं गाणारे बाप्ये दुपारी तिच्याच हातचं तीन-तीनदा वाढून घेतात आणि ढेकर देऊन घरी जातात.

आणि याच बाईनं सव्वीस वर्षांत या रस्त्यावरच्या एकाही माणसाला मूठमाती दिलेली नव्हती. कारण साधं होतं. इकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, वीस किलो बटाटे, आणि तेवढं मावेल असा फ्रीज कुणाकडेच नाही. पलीकडच्या गल्लीत एकदा पहाटेच कालवून झाकून ठेवलेलं सॅलड आंबलं होतं आणि मयतीला आलेले निम्मे लोक रांगेनं संडासात गेले होते. तेव्हापासून गादिफेलेचा नियम असा की मयताची गाडी कोपऱ्यावरून वळल्याशिवाय अंडं आणि मेयोनीज बटाट्याला लागता कामा नये. गाडी वळली की कालवायचं, आणि लोक परत येऊन फाटकाशी कोरफडीच्या पाण्यात हात धुवेपर्यंत तयार ठेवायचं. मग कालवणारीनं दफनभूमीत जायचं कधी?

या कामात तिला एकच जोडीदारीण होती, शेजारची बासेत्साना. ती पालथ्या क्रेटवर बसून अंडी सोलायची आणि तारा ताणलेल्या चिमट्यानं त्यांचे काप पाडायची. ती म्हणायची, "माझ्या वेळी तरी ये गं. बटाटे कुठं पळून जातायत?" गादिफेले म्हणायची, तू आधी मर तर खरी.

त्या बुधवारी बासेत्साना खरंच मेली.

हे सगळं सेगामेत्सी बघत होती. ती गादिफेलेची सून, लग्नाला चार वर्षं झालेली, आणि चार वर्षांत तिची बढती बटाटे सोलण्याच्या पुढे झाली नव्हती. त्यालाही कारण होतं. सासरच्या पहिल्या रविवारी तिनं सॅलड केलं, ते बटाटे गरम असतानाच कालवलं आणि वर झाकणही ठेवलं. जेवायला बसेपर्यंत त्याचा लगदा झाला होता. पाहुण्यांसमोर सासूनं एक घास खाल्ला आणि शांतपणे विचारलं, "बाळाचं जेवण छान झालंय. बाळ कुठंय?" सेगामेत्सीला मूल नव्हतं. अजूनही नाही. ते वाक्य ती विसरली नाही, आणि का विसरावं? गादिफेले दुष्ट बोलायची, हे खोटं नाही. पण तिच्यासारखं एकही हालचाल वाया न घालवता काम करणारी बाईही सेगामेत्सीनं दुसरी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून ती बटाटे सोलता सोलता सासूचे हात वाचत होती.

बटाटे मिठाच्या पाण्यात उकडायचे, सुरी जाईल पण तुकडा फुटणार नाही इतपतच. पाणी ताबडतोब काढून ताटांमध्ये पसरायचे आणि गरम असतानाच व्हिनेगर शिंपडायचं. मग थांबायचं. कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची इतकी बारीक की दाताला कळावी, डोळ्याला नाही. गाजर किसून. मेयोनीजमध्ये मोहरीची थोडी पेस्ट. आणि शेवटी सासू सगळ्यांकडे पाठ करायची, एप्रनच्या खिशातून गोड घट्ट दुधाचा डबा काढायची आणि किती ओतला ते कुणाला दिसायच्या आत डबा पुन्हा खिशात. बासेत्सानालाही तिनं ते माप सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बायका बासेत्सानाच्या अंगणात बसून भाज्या सोलत होत्या. गादिफेलेनं बासेत्सानाचा क्रेट कुणाला बसायला दिला नाही, तो तसाच पालथा मधोमध राहिला. तोंडाळ डिपुओ म्हणाली की आता अंडी कोण सोलणार? गादिफेलेनं तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि डिपुओनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं.

घरी आल्यावर सेगामेत्सीला दिसलं की सासूनं काळा ड्रेस इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. एप्रनच्या आत कुणी इस्त्रीचा ड्रेस घालतं का? म्हणजे तिला जायचं होतं, आणि ती ते तोंडानं बोलणार नव्हती. बासेत्सानाच्या मातीला वाईट सॅलड गेलं तर लोक वर्षभर बासेत्सानाचं नाव काढून तोंड वाकडं करणार, ही तिला जास्त भीती.

सेगामेत्सीनं विचारलं, "आई, उद्या मी कालवू?"

"तू?" सासू म्हणाली. "उद्या बाळाचं जेवण नाहीये."

शनिवारी सकाळी सहाला मंडपात प्रार्थना सुरू झाली तेव्हा बासेत्सानाच्या स्वयंपाकघरात बटाटे ताटांवर पसरलेले होते. गादिफेले इस्त्रीचा ड्रेस घालून वर एप्रन बांधून उभी. बाहेर गाणं उठलं, पेटी खांद्यांवर आली. ती खिडकीशी गेली, पडदा जरासा सरकवला आणि परत सोडला. एप्रनच्या टोकानं डोळे पुसले. मग म्हणाली की डोळ्यात कांदा गेला. कांदा तर तासापूर्वीच चिरून झाकून ठेवला होता.

सेगामेत्सीनं पुढे होऊन तिच्या एप्रनची गाठ सोडली, खिशातला डबा काढून घेतला, खांद्याला धरून तिला मागच्या दारातून अंगणात ढकललं आणि आतून कडी लावली. चार वर्षांत सासूला हात लावायची तिची ही पहिलीच वेळ.

बाहेरून दार धडाधड वाजलं. "उघड! सेगामेत्सी, दार उघड!"

"दफनभूमीची बस उभी आहे, आई. जा."

"तुला माप माहीत नाही!"

"मग सांगा."

दार वाजायचं थांबलं. अंगणात तीन पायांच्या हंड्यांभोवती आठ बायका पळ्या हातात धरून उभ्या होत्या, सगळ्यांचे कान या दाराला. बसचा हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. गादिफेले खिडकीशी आली. तिनं त्या आठ जणींकडे बघितलं, आणि मग सव्वीस वर्षं जे पोटात ठेवलं ते भर अंगणात ओरडून सांगितलं.

"अर्धा डबा! अर्ध्याच्या वर एक थेंब नाही! आणि गाजराचं पाणी पिळून काढ!"

मग ती धावली. गुडघे दुखणारी बाई, एक बूट अर्धवट घातलेला, बसच्या मागे. कुणी हसलं नाही. एक जण पुटपुटली की मी आजवर अख्खा डबा घालत होते.

गाडी वळली. बायका दाराशी येऊन म्हणू लागल्या, अगं कालव आता, वेळ कमी आहे. सेगामेत्सीनं ताटातल्या थराच्या मधला एक तुकडा उचलून मनगटाला लावला. वरचे गार होते, मधला अजून कोमट होता. तिनं पुठ्ठा घेतला आणि वारा घालत बसली. दहा मिनिटं, पंधरा. बाहेर डिपुओची बहीण बोलली की ही पोरगी आज आपल्याला उपाशी मारणार. सेगामेत्सी जागची हलली नाही. त्या लगद्याची चव तिला अजून आठवत होती. विसाव्या मिनिटाला मनगटाला गार लागलं तेव्हा तिनं पळी बाजूला ठेवली आणि सासूसारखे दोन्ही हात खालून घातले. ढवळायचं नाही. उचलायचं आणि पाडायचं. अर्धा डबा तिनं उजेडात धरून ओतला. लपवण्यासारखं आता काय उरलं होतं? सासू कधी चाखायची नाही, नुसती चकाकी बघायची. सेगामेत्सीनं तीनदा चाखलं. अंड्यांचे काप वर मांडले, थोडे वाकडे. बासेत्सानाचे कधी वाकडे नसायचे.

लोक परतले. गादिफेले सर्वांत शेवटी फाटकाशी आली. तिच्या उजव्या हाताला लाल माती होती. ती कोरफडीच्या पाण्याच्या घमेल्याजवळ थांबली, हात धुवायला हवा हे तिला ठाऊक होतं, तरी बराच वेळ तो हात बघत राहिली. मग धुतला.

ताटं भरली. प्रश्न आलाच, सॅलड कुणी केलंय? आणि नेहमीप्रमाणे उत्तरही आलं. डिपुओ तोंडात घास असतानाच म्हणाली, "गादिफेले, आज तर तू कमाल केलीस."

"डिपुओ, मी दफनभूमीत तुझ्या शेजारी उभी होते," गादिफेले म्हणाली. "माझ्या बाहीला नाक पुसलंस तू."

आजूबाजूला हसू फुटलं. मयतीच्या अंगणात असं मोकळं हसतात ते जेवण चांगलं झालं की.

"मग केलंय कुणी?"

"आमच्या सेगामेत्सीनं. मोहरी जरा जास्त झालीये." आणि तिनं ताट पुढे केलं. "आणखी वाढ."

पुढच्या शनिवारी रस्त्याच्या टोकाच्या एका म्हाताऱ्याला पुरायचं होतं. शुक्रवारी दुपारी सेगामेत्सी सवयीनं सोलायची सुरी घेऊन कोपऱ्यात बसायला गेली, तर सासूनं ती सुरी तिच्या हातातून काढून घेतली. मधोमध बासेत्सानाचा तो पालथा क्रेट होता. गादिफेलेनं त्यावर हात फिरवला, धूळ झटकली, आणि गुडघे धरत हळूहळू त्यावर बसली.

"चिमटा दे तो," ती म्हणाली. "आणि अंडी नीट उकड. मागच्या वेळचे काप वाकडे होते."