कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना.

गावाखालच्या नदीवर, सपाट खडकावर पिंड मांडला होता. शेजारी दानाची छत्री आणि चपलांचा जोड. मागे सिद्धगड स्वच्छ दिसत होता. कावळे समोरच्या उंबरावर होते. खाली उतरत, पण भातापासून हातभर लांब थांबून परत जात. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं की असं होतं, असं आमच्याकडे मानतात. मग एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतो. चुलत्यांनी सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. माझा भाऊ धनेश म्हणाला, शेत पडीक ठेवणार नाही. मी म्हटलं, आईला यायचं असेल तर शहापूरला माझ्याकडे नेईन. कावळे बसूनच राहिले. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करून घेऊ म्हणू लागले.

तेव्हा सुयोग पुढे झाला. हा माझा चुलतभाऊ, मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. इतका वेळ तो सगळ्यांच्या मागे उभा होता.

"काका, तो व्हिडिओ मी सगळीकडून काढून टाकतो."

"त्याला आयकू जाईल असा बोल रे," चुलते म्हणाले.

सुयोगनं पुन्हा म्हटलं. एक कावळा उतरला, भाताचा घास उचलला आणि उडाला. बायका रडू लागल्या. कावळ्याला भूकही लागते, हे मला कळतं. तरी माझे हात जोडले गेले.

तो व्हिडिओ सापगावच्या एका लग्नातला. मी शहापूरच्या बाजारातून घेतलेली चप्पल बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा घातली होती. जेवण उरकून मांडवाबाहेर आले तर ती जागेवर नव्हती. चपलांच्या ढिगात वाकून ते शोधत असताना सुयोगनं मोबाइल समोर धरून विचारलं, काका, काय शोधता? बाबांनी मान वर केली. "माझी चप्पल कोनी नेली रे? नवी होती. पोरीनं घेतलेली."

सुयोगनं तो गंमत म्हणून टाकला. पुढे कुणीतरी शेवटचे दोन शब्द कापले आणि 'नवी होती' एवढंच ठेवलं. मग ते कशालाही चिकटू लागलं. कुणाचं प्रेम मोडलं, कुणाची गाडी ठोकली, कुठला संघ सामना हरला, की खाली बाबांचा चेहरा आणि 'नवी होती'. व्हॉट्सॲपवर त्याचं स्टिकर झालं. मी शिकवते त्या कॉलेजातल्या एका मॅडमनं छत्री हरवली तेव्हा स्टाफच्या ग्रुपवर तेच टाकलं. ते माझे वडील आहेत हे तिला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

बाबांकडे साधा फोन होता. मुरबाडच्या बाजारात अनोळखी मुलं मागून 'नवी होती' ओरडायला लागली, तेव्हा त्यांना अंदाज आला. त्यांनी सुयोगला विचारलं, किती जणांनी बघितला. त्यानं आकडा सांगितला. बाबा विचार करून म्हणाले, "येवढ्या लोकांनी बघला, तर चप्पल कोनाला तरी दिसली असंल." घरात सगळे हसले. बाबाही हसले. त्यानंतर मात्र ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. आहेर देऊन आईला पाठवायचे.

दहाव्यानंतर मी सुयोगच्या दुकानात गेले. त्यानं माझ्यासमोर आपल्या खात्यावरून तो व्हिडिओ काढला. मग फोनमधूनही पुसला. शब्द दिलाय, थोडासुद्धा ठेवायचा नाही, असं म्हणाला. मलाही ते योग्य वाटलं. नंतर आम्ही बाकीचे शोधायला लागलो. एक काढायला सांगावा तर खाली आणखी दिसत. कुठे गाणं जोडलेलं, कुठे बाबांच्या डोक्यावर मुकुट, कुठे ते नाचताहेत. ॲपकडे तक्रारी केल्या. तुमची तक्रार तपासली, यात नियमाचा भंग होत नाही, असं प्रत्येक वेळी उत्तर आलं.

शेवटी सुयोगनं सगळ्यात मोठं पेज चालवणाऱ्याला लिहिलं. हे माझे काका आहेत, ते वारले, कृपा करून काढा. त्याचं लगेच उत्तर आलं. हात जोडलेले, आणि 'दादा, काळजी करू नका'. आम्हाला बरं वाटलं. संध्याकाळी त्या पेजवर बाबांचा चेहरा काळापांढरा करून लावलेला होता. भोवती हार, मागे बासरी, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मधोमध तेच 'नवी होती'. हा व्हिडिओ पहिल्यापेक्षाही लांबवर पसरला. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'काका, वर नवी मिळाली का?' त्याला खूप जणांनी हसून दाद दिली होती.

सुयोगनं फोन काउंटरवर पालथा ठेवला. म्हणाला, "ताई, मीच सांगितला ना त्याला काका गेल्याचा."

आई रोज फोनवर विचारायची, "झाला का गो काढून?" शब्दावर कावळा शिवला आहे, शब्द पाळला नाही तर बाबा ना इकडचे ना तिकडचे, अशी तिची धास्ती. मी सांगायचे, चाललंय काम.

वैशाखात मी गावी गेले होते. शेजारच्या पाड्यात हळद होती. आमचं वर्ष सरलेलं नव्हतं, म्हणून आम्ही घरीच. दिवेलागणीला आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. पाड्यावर डीजे सुरू झाला आणि दोन-तीन गाण्यांनंतर ढोलाच्या ठेक्यात बाबांचा आवाज आला. नवी होती. नवी होती. नवी, नवी, नवी होती.

आईचा हात सुपातच राहिला. आता ती विचारणार, काढला नाय का अजून, म्हणून मी वाट पाहत होते. तिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"पुढचा कुठं गेला?" ती म्हणाली.

"पुढचं काय?"

"पोरीनं घेतलेली, असा बोलले होते ना. सुयोगनं मला दाखवला त्यात होता."

मी सांगितलं, ते फक्त सुयोगच्या व्हिडिओत होतं. तो त्यानं काढून टाकला. फोनमधूनसुद्धा.

"मंग त्योच तेवढा गेला?"

"हो."

"आनि ह्यो ऱ्हायला."

आईनं सूप पुढे ओढलं. पाड्यावर पोरांनी तेच परत लावायला सांगितलं असावं. बाबा पुन्हा 'नवी होती' म्हणाले. आई हात थांबवून, मान वर करून, पुढच्या शब्दांसाठी थांबली. मग ढोल सुरू झाला.