गिळलेला बोल

लॉजवाल्यानं एकच खोली दिली. दिवाळीची सुट्टी, त्यात नांदेडला गुरुद्वाऱ्याला पंजाबहून आलेली ही गर्दी. "मावशी, घ्यायची तर आत्ताच घ्या, मागं लोक हुबेच हायत," म्हणून त्यानं चावी माझ्याच हातावर टेकवली. खोलीत दोन पलंग एकमेकाला जोडलेले, एक भिंतीला लागून एकटा. एसीचं पाणी खाली ठेवलेल्या बादलीत पडायचं. टप्. मग लई वेळानं, टप्. एकटा पलंग मला मिळाला.

आम्ही चौघं. मी, माझा बसवराज, सून मंजुश्री आन नातू शिवांश, पावणेदोन वर्साचा. ते लातूरहून निघाले, त्याच गाडीत मी चाकूरला चढले. उद्या सहस्रकुंडचा धबधबा बघायचा, परवा माघारी, असा बेत. पण मी काय धबधबा बघायला आले नव्हते. मी नातवाला न्यायला आले होते. उगं खोटं कशाला बोलू?

मालक गेले, लिंगैक्य झाले, त्याला वर्स होऊन गेलं. चाकूरचं दुकान भाड्यानं दिलं, मागं पाच खोल्या आन मी. सकाळची लिंगपूजा झाली की पुढचा दिवस सरता सरत न्हाई. घर खायला उठतं. टीव्हीतल्या बायांशी भांडते मी, आता बोला.

आन तिकडं लातूरला काय? मंजुश्री क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. दिवस उगवायला जाते, रात्री आठला येते. बसवराज तेलाच्या मिलमध्ये. पोरगं दिवसभर खालच्या मजल्यावरच्या गुरम्मापाशी. मी म्हणलं, परक्या बाईपाशी ठेवता, मग सख्ख्या आजीपाशी ठेवायला काय होतं? दोन-तीन वर्स राहू द्या चाकूरला. बसवराज म्हणाला, बघू. मंजुश्रीचं तोंड एवढंसं झालं. तवा मी घाव घातला. म्हणलं, "तुझ्यापाशी तो झोपतो तरी का गं? गुरम्माच्या घरून झोपलेला उचलून आणतीस, आन इतवारी स्कुटीवर फिरवून निजवतीस. आई तू हाईस का स्कुटी?"

लागलं तिला. म्हणाली, "नांदेडला बघा, आई. मी निजवीन त्याला. नाही जमलं तर येताना चाकूरला उतरवून घ्या." शब्दाला शब्द लागला आन पैज ठरली. लेकरावर पैज लावू नये. पण लागली.

तर दुपारचे दोन वाजलेले. पोरगं पहाटे पाचपासून जागं, डोळे लालबुंद, आन झोपायचं नाव न्हाई. मंजुश्रीनं पडदे ओढले. पडदे जांभळ्या रंगाचे, भरदुपारी खोलीत संध्याकाळ झाली. मग तिनं हुकूम सोडला, "सगळ्यांनी झोपेचं सोंग घ्यायचं. कोणी जागं दिसलं की हा झोपणार नाही." बसवराज भिंतीकडं तोंड करून पडला. मीबी डोळे मिटले. सोंगात मी पटाईत, चाळीस वर्सं संसार केलाय.

मिटलेल्या डोळ्यांआड मी सगळं ऐकून राहिले होते. तिची पावलं, पलंगापासून न्हाणीच्या दारापर्यंत चार, माघारी चार. मोबाईलवर तिनं पावसाचा आवाज लावला, पोरगं मोबाईलच मागायला लागलं. खांद्यावर घेतलं, तर कमान टाकून मागं पडायला लागलं. आन मग ते रडत रडत बोललं, "बज्जो! बज्जो!"

"भजी पाहिजेत त्याला," मंजुश्री बसवराजला म्हणाली. "घरीपण हेच चालतं. भज्यांचं फार वेड आहे."

बसवराज सोंग मोडून उठला, खाली जाऊन मिरचीची भजी घेऊन आला. पोरानं एक हातात घेतलं, बघितलं आन टाकलं भिरकावून. "बज्जो!"

"तिखट असतील हो. कांद्याची आणा."

पुन्हा गेला बिचारा, कांद्याची आणली. तीबी पलंगाखाली गेली. "बज्जो, बज्जो," करून पोरगं ऊर फुटेस्तोवर रडायला लागलं. नवराबायको एकमेकाकडं बघत बसली. बटाट्याची आणावी का, यावर त्यांचं बोलणं चाललं होतं.

मला ठाऊक होतं.

माझं माहेर देगलूरच्या पल्याड, तेलंगणाच्या शिवेवरचं. गुरम्माबी तिकडचीच. तिकडं लेकराला पसरलेल्या पायावर आडवं घेत्यात, पाय हळूहळू हलवत्यात, आन म्हणत्यात, "बज्जो नान्ना, बज्जो." म्हंजे नीज माझ्या राजा, नीज. पोरगं भजी मागतच नव्हतं. ते झोपच मागत होतं. मला निजवा गं कोणीतरी, असं म्हणत होतं दोन तास, आन आईबाप त्याच्यापुढं तळण ठेवून राहिले होते.

एक शब्द बोलायचा होता. मी न्हाई बोलले. जीभ दाताखाली दाबून धरली. बोलले असते तर पोरगं तिच्यापाशी झोपलं असतं, आन मी एकटी उतरले असते चाकूरला. रड बाबा अजून थोडं, म्हणलं मनात. परवापासून आजी हायच की. असं म्हणलं मी. देवाला तोंड दाखवायचंय, म्हणून सांगते.

बटाट्याची भजी आणायचा बेत बारगळला. बसवराज थकून परत भिंतीकडं वळला. मंजुश्री माझ्या पलंगापाशी आली. मी डोळे उघडले न्हाईत. तिचा आवाज जड झाला होता.

"आई, जाग्या आहात ना? न्या तुम्ही ह्याला चाकूरला. खरंच सांगते. माझ्याकडून नाही होत. मुलाला काय पाहिजे तेच आईला कळत नसेल, तर काय उपयोग?"

जिंकले मी. काळजात गारवा पडला. मी नुसतं "हं" केलं. पोराचं रडणं आता किरकिरीवर आलं होतं. बादलीत टप्. लई वेळानं टप्. आन सोंग घेता घेता माझा खरंच डोळा लागला.

मी चाकूरला होते. पाचीच्या पाची खोल्यांत ऊन आलं होतं, कुठून ते कळत नव्हतं, घराला एवढ्या खिडक्या न्हाईतच. शिवांश एका दारातून पळत जायचा आन भलत्याच दारातून निघायचा. कपाळाला मी लावलेली विभूती. मालक गल्ल्यावर बसले होते, मेलेलं माणूस बसतं तसं न्हाई, रोजच्यासारखे, पुड्या बांधत. मला लई बरं वाटलं. तेवढ्यात दारात कोणी आलं. बघते तर मंजुश्री, खांद्याला पिशवी, इतवारची आली असंल. तिनं दोन्ही हात पुढं केले. पोरगं माझ्या पदराआड लपलं आन मला विचारलं, "ही कोण चिन्नम्मा?"

चिन्नम्मा म्हंजे तिकडं मावशी. स्वप्नात मी हासले. लई लाडानं हासले. आन हासता हासता मला माझाच आवाज वळखू आला न्हाई. तो माझ्या आईचा होता.

धडपडून जागी झाले. मंजुश्री पलंगाच्या कडेला बसलेली, पोरगं मांडीवर हुंदके देतंय, तिचं तोंड दुसरीकडं. मी उठून बसले.

"मंजू, पाय सरळ कर."

"काय?"

"पाय पसर म्हणते ना. दोन्ही जोड. त्याला आडवं घाल त्याच्यावर, डोकं पावलांकडं. हां. आता पाय हलव, हळू. आन म्हण, बज्जो नान्ना, बज्जो."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, चाचरत, शाळेतल्या पोरीवाणी, "बज्जो नान्ना... बज्जो."

पोरगं गप झालं. मान उचलून त्यानं आईकडं बघितलं. असं बघितलं, की बाई, तुलाबी येतं व्हय हे? मग मान टाकली. तिनं धा-बारा डाव म्हणलं असंल. पोराची मूठ सैल पडली, तोंड उघडं राहिलं, आन झोपलं. एवढंच होतं. सगळ्या दुपारचं एवढंच होतं.

मंजुश्री पाय हलवायची थांबली न्हाई. हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"पहिली भजी आली तवापासून."

"दोन तास रडला हो तो."

"हाव. मला पाहिजे होता तो. म्हणून गप बसले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "मला राग आलाय, आई. खूप राग आलाय."

"येऊ दे. यायलाच पाहिजे. मारलंस तरी मी काही बोलणार न्हाई." मी पदर तोंडाला लावला. "पण पोरगं न्हाई नेत मी. तुझ्यापाशीच राहू दे. मी एकदा ठेवलंय असं लेकरू दुसऱ्याकडं, मला ठाऊक हाय काय होतं ते."

आन मग मी तिला सांगितलं, जे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बसवराज शिवांशएवढाच होता. सासूला लकवा मारला. दुकान, घर, म्हातारीचं हागणं-मुतणं, सगळं माझ्या एकटीवर. बसूला माझ्या आईकडं ठेवला. दोनच महिने म्हणून ठेवला आन दोन वर्सं गेली. आणायला गेले तर आईच्या पदराआड लपला. मला चिन्नम्मा म्हणला. माझी आई हासली, तिला वाटलं लेकराची गंमत. मी दारात हुबी होते. माझं काय झालं ते माझं मला ठाऊक.

"मग?" मंजुश्रीनं विचारलं.

"मग आणला चाकूरला. रात्री रडायचा, बज्जो बज्जो करायचा. सासूचं अंग गेलं होतं, जीभ न्हाई गेली. म्हणायची, ह्या घरात तेलंगी बोल न्हाई चालायचा, गिऱ्हाईक हासंल. मला तो बोल येत होता गं. पिढ्यान् पिढ्या येत होता. पण भ्याले. अंगाई म्हणायचे मराठीतली, त्याला ती कळायची न्हाई. एकदा भेवानं गिळला तो बोल, आन आज लोभानं."

मंजुश्रीचा राग काही गेला नव्हता, तोंडावरून दिसत होतं. पण पाण्याची बाटली तिनं माझ्याकडं सरकवली. मी दोन घोट प्यायले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर आली होती, तिच्यात कांद्याचं एक भजं पडलेलं दिसत होतं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "आई."

बसवराज. जागा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"मग मी कसा झोपायचो?"

काय सांगायचं? खोटं बोलायची आज सोय राहिली नव्हती. "रडून रडून थकायचास बाबा," मी म्हणलं. "थकलास की आपोआप झोपायचास. पाठ करून. मी बाजूला बसून राहायचे. हात लावला की अजून रडायचास, म्हणून लावायचे न्हाई."

"किती दिवस?"

"मोजले न्हाईत. मग एक दिवस रडायचा बंद झालास. सासू म्हणली, बघ, झालं का न्हाई पोरगं शहाणं."

बसवराज उठला. मला वाटलं, बाहीर जाईल आता. लहानपणापासून त्याचं तसंच हाय, मनाला लागलं की बाहीर जातो आन तासाभरानं येतो, काही झालंच न्हाई असा. पण तो दाराकडं गेला न्हाई. माझ्या पलंगापाशी आला. म्हणाला, "सरक."

पलंग एवढासा. मी भिंतीला टेकले. पस्तीस वर्साचा बाप्या, पोट सुटलेलं, केस पांढरे व्हायला लागलेले, तो त्या पलंगावर मावला कसा ते तोच जाणे. माझ्याकडं पाठ करून पडला. श्वास त्याचा जोरजोरात चालला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मंजुश्रीनं आमच्याकडं बघितलं आन मान फिरवली.

हात ठेवू का नको, मला कळंना. लई वेळ हात तसाच हवेत धरला. मग ठेवला.