पाटीवरचा आकडा

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांची कपाटं केली आणि उरलेल्या वेळात, नऊ वर्षं खपून, मागच्या शेडमध्ये एक विमान केलं. एका माणसापुरतं. पंखांच्या एकावर एक दोन जोड्या, म्हणजे चार पंख. बायको म्हणायची, "घरातलं दार दोन वर्षं कुरकुरतंय, त्याला वेळ नाही, आणि इथे लाकडाला पंख फुटतायत!" तिचं काही चुकत नव्हतं.

उडवायची त्यांची लेक, पेशानं वैमानिक. वीस तास तिनं ते सरळ उडवलं होतं. आता कोलांट्या घ्यायच्या, उलटं उडायचं. त्याआधी तिनं सीटसमोरची पाटी वाचली. मिस्त्रींनी स्वतःच रंगवलेली.

"बाबा, ड्रॉइंगमध्ये सरळ असताना वजनाच्या सहापट ताण चालेल म्हटलंय, उलटं असताना तिप्पट. तुम्ही साडेतीनपट लिहिलंत, आणि उलटं उडायला तर मनाईच?"

"जपलेलं बरं."

"कशापासून?"

मिस्त्री रंधा पुसायला लागले. रंधा स्वच्छच होता. लेक बापाला ओळखून होती; स्टूल ओढून बसून राहिली. शेवटी त्यांनी तोंड उघडलं.

सहा वर्षांपूर्वी, खालच्या डाव्या पंखाचा मुख्य दांडा जोडताना हॉस्पिटलातून फोन आला, बायकोला ऑपरेशनला आत घेतायत म्हणून. डब्यातला होता नव्हता तो सरस कालवून ठेवलेला. परत येईतो तो घट्ट व्हायला लागला होता. नवा डबा यायला महिना लागणार, म्हणून तोच लावला. कालवलेल्या प्रत्येक सरसानं लाकडाच्या दोन चिपा एकमेकींना चिकटवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोडून बघायच्या, हा नियम त्यांचाच. त्या दिवशी चिपा केल्याच नाहीत. मग कापड चढलं, रंग चढला. तपासनिसाला बाहेरून काय कळणार, कपाळ! झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटीवरचा आकडा खाली आणला की झालं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"आणि मी वीस तास उडले त्यात," लेक म्हणाली.

"सरळच उडत होतीस ना."

"वाऱ्याला पाटी वाचता येते का, बाबा?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कटर घेतला आणि स्वतःच्या हातांनी ताणून बसवलेलं कापड टराटरा कापलं. दांड्याच्या सांध्यावर चिकटवलेल्या लाकडी पट्टीखाली पटाशी घातली, हातोडी मारली. तिसऱ्या घावाला पट्टी निघाली, पण लाकूड फाटून. दोन्ही अंगांना लाकडाचे धागे चिकटून होते. सरस जागचा हलला नव्हता.

"बघ! पक्का आहे!" मिस्त्रींचे डोळे भरून आले. "सहा वर्षं उगाच जीव टांगणीला. नवी पट्टी बसवतो, पाटी बदलतो. मग उड हवं तितकं उलटं!"

लेकीनं धागे बोटानं चाचपून पाहिले. सांधा खरंच उत्तम होता. तिनं कटर उचलून त्यांच्या हातात ठेवला.

"आता उरलेले तीन उघडा."

"अगं, त्यांना काही झालेलं नाही! सगळ्या चिपा मोडून बघितल्यात मी."

"पहिल्यांदा उडवायच्या आधी या पंखाचंही तुम्ही मला हेच सांगितलं होतंत," लेक म्हणाली.