नारबोदसोबत गेलेला नंदी

मी एक जुना रोबोट आहे, मित्रांनो, पण साधासुधा नाही. हात मुडपले, डोके छातीत ढकलले आणि पाठीवरची शिंगे वर काढली, की माझा बैल होतो. हल्ली डावे शिंग जरा अडकते. म्हातारपणी कोणाचे काही अडकत नाही?

कारखान्यातून निघालो तो थेट गोंदियाच्या बाजारात दोरीला टांगला गेलो. मुर्रीच्या उमेंद्रने माझ्यासाठी भर रस्त्यात लोळण घेतली, तेव्हा कुठे मला घर मिळाले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याला, सगळी पोरे लाकडी नंदी ओढत होती. उमेंद्रचा नंदी मात्र तोरणाखाली उभ्याउभ्या माणूस झाला! पहिले बक्षीस आमचे. उमेंद्र मला उशाशी घेऊन झोपू लागला. मला वाटले, हे प्रेम जन्मभराचे. किती भोळा होतो मी!

तो मोठा झाला आणि मी पेटीत गेलो. पुढे त्याच्या मुलीने, रुचीने, मला शोधून काढले. अडकणाऱ्या शिंगाला ती खोबरेल तेल लावायची, मला उराशी धरून निजायची. मी पुन्हा फुशारलो.

मग कंपनीला आमची जुनी मंडळी आठवली. हौशी संग्राहकांसाठी तिने आम्हाला नव्याने घडवले. उमेंद्रने माझाच नवा अवतार मागवला आणि खोक्यासकट काचेच्या कपाटात ठेवला. सील तोडायचे नाही, असा हुकूम. त्या दिवट्याने एकदाही बैल होऊन दाखवले नाही, तरी पाहुणे कौतुक करतात ते त्याचेच.

यंदा पोळ्याच्या तोंडावर रुचीला खोकला झाला. तशातही तिने माझ्यासाठी लाल झूल शिवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारबोद काढतात, म्हणजे नारबोदच्या पुतळ्यासोबत घरातली रोगराई आणि अडगळ गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. रुची अजून झोपलेली होती. उमेंद्रची आई देवकाबाई म्हणाली, "पोरगी उराशी धरून निजते, ते काहीतरी जाऊ दे रे नारबोदसंगं. खासी सोडूनच नाई राहिली."

"हाच नेऊन टाकतो," उमेंद्र म्हणाला. "नवा आला ना आता घरी."

"घेऊन जा गे नारबोद!" असे ओरडत त्याने मला झुलीसकट शिवेवर फुटक्या सुपाशेजारी भिरकावले. बक्षीस मिळाले तेव्हाही तो असाच ओरडला होता.

संध्याकाळी तान्ह्या पोळ्यासाठी पोरे नंदी सजवून त्याच वाटेने मारुतीच्या देवळाकडे निघाली. रुचीच्या काखेत बंद खोका होता.

"डब्यातला नंदी! डब्यातला नंदी!" पोरे खिदळत होती.

तेवढ्यात तिने मला पाहिले. धावत आली, हात पुढे केला. आता उचलणार, मी शिंगे सावरली!

"हात नोको लावू!" मागून देवकाबाई ओरडली. "नारबोदसंगं गेलेलं घरी आणत नाईत. रोग वापस येते."

रुचीचा हात थबकला.

"तुझाच हाय ना तो?" एका पोरीने विचारले.

"नाई," रुची म्हणाली. "माझा नोहोय."

आणि खोकत खोकत निघून गेली. तिचा खोकला काही मी नेऊ शकलो नव्हतो.

मित्रांनो, जुनी खेळणी जपा, असे मी सांगणार होतो. आता तेवढी आशा उरली नाही. टाकायचे तर खुशाल टाका, पण आधी अंगावरची झूल काढून घ्या. ती असली की वाटत राहते, कोणीतरी न्यायला येईल.