आजीच्या बाजूचा ब्रेक

आजी गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिच्या दोन शिकवण्या अर्धवट होत्या. त्यातला एक शिकाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. मी सांगितलं, आजी गेली. तो म्हणाला, "मग थांबतो की." त्याला आत बसवून पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं.

आजी गाडी चालवायला शिकवायची. त्याआधी ती टपाल कचेरीत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली ती परत गेलीच नाही. डबासुद्धा तिथेच राहिला. संध्याकाळी घरी आली ती एक जुनी निळी गाडी घेऊन. शिकवणीच्या गाडीत असतो तसा दुसरा ब्रेक तिला होता, बाजूच्या सीटसमोर. आजोबांनी विचारलं, "हे काय?" आजी म्हणाली, "गाडी." आजोबांनी त्यावर थोडा विचार केला आणि ते जेवायला बसले. त्यांचा संसार एकंदरीत सुखाचा झाला.

रिव्हर्स घेताना मोठ्यानं गायचं, हा तिचा नियम होता. गाणाऱ्याचे खांदे सैल पडतात, असं तिचं शास्त्र. आमच्या बँकेचे मॅनेजर अजूनही गाडी मागे घेताना गातात. ऐकवत नाही, पण गाडी कुठे घासत नाही. अधूनमधून आजी चार-चार दिवस नाहीशी व्हायची. फ्रिजवर चिठ्ठी असायची : 'गॅस बंद केलाय. समुद्र बघून येते.' आम्ही आधी गॅस बघायचो. चालू असायचा.

तिनं निम्म्या गावाला शिकवलं. माझ्या आईला, म्हणजे स्वतःच्या एकुलत्या एक लेकीला, तेवढं नाही. आई बावीस वर्षांची असताना आजी म्हणाली होती, "सोमवारपासून सुरू करू." सोमवारी आजीला काहीतरी काम निघालं आणि ते तीस वर्षं चाललं. आईनं शिकाऊ परवाना मात्र जिवंत ठेवला. संपला की नवा. "जगाची पोरं शिकली," ती म्हणायची, "मला मेलीला मागच्या सीटवर बसवून ठेवलं. माझ्यावर भरवसाच नव्हता." यावर आजी कान खाजवायची आणि विषय बदलायची. आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि तेच आईला आतून खात होतं.

पंधरा दिवसांनी मामा आला. मामा आईचा थोरला भाऊ. विमा कंपनीत असल्यामुळे त्याला कुठलीही वस्तू दिसायच्या आधी तिचा अपघात दिसतो.

"गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी दहाला येतंय."

"गाडी मी ठेवणार," आई म्हणाली.

"ठेवून काय लोणचं घालणार?"

"चालवणार."

मामाला हसू आवरेना. "असं कर. रविवारी दहाच्या आत माझ्या दारात चालवत आण. गाडी तुझी. नाहीतर गिऱ्हाइकाची."

आजीकडे शिकलेली मी घरातच होते, त्यामुळे मास्तरीण मी. बुधवारी आजीच्या जागेवर बसले, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला आणि म्हटलं, "बिनधास्त चालव. ब्रेक माझ्याकडे आहे." दोन दिवस बरे गेले. शुक्रवारी वळणावर बांधकामाच्या वाळूचा ढीग समोर आला. खरं तर ढीग तिथेच होता, आलो आम्ही. मी ब्रेक दाबला. पेडल तळाला टेकलं आणि आम्ही वाळूत शिरलो. आईनं प्रसंगावधान राखून वायपर चालू केले.

गाडी उस्तादकडे नेली. उस्ताद हा आजीचा जुना मेकॅनिक. तो गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "मोडलंय कुठं? हा ब्रेक जोडलेलाच नाही."

"कधीपासून?"

"गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. बाई म्हणाल्या, हा असला की माझाच पाय जातो, शिकणाऱ्याचा जातच नाही. काढून टाक. पेडल तेवढं राहू दे, लोकांना धीर येतो."

"म्हणजे निम्मं गाव..."

"बिनब्रेकाचं," उस्ताद अभिमानानं म्हणाला. त्या निम्म्या गावात मीही होते, म्हणून मी खाली बसले.

"एकदा मात्र आल्या होत्या," तो आईकडे बघत म्हणाला. "जोडून दे म्हणाल्या, सोमवारी मुलीला घेऊन बसतेय. मी म्हटलं, जगाला असंच शिकवता, मग आत्ताच काय? तर म्हणाल्या, जग काय माझ्या पोटचं आहे? दिला जोडून. सोमवारी सकाळीच परत हजर! काढ म्हणाल्या. ब्रेक असला तरी नुसत्या विचारानं पाय लटपटतात, तिला मी नाही शिकवू शकत. कुणाला बोलू नको म्हणाल्या."

"आणि तुम्ही तीस वर्षं बोलला नाहीत," आई म्हणाली.

"कुणी विचारलंच नाही, ताई."

आईनं हाताला लागलेल्या फडक्यात नाक शिंकरलं. फडकं ऑइलचं होतं. त्याच तोंडानं ती गाडीत बसली.

"जोडून देऊ? दोन दिवस लागतील."

"नको," आई म्हणाली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मला म्हणाली, "मला वाटायचं, मी ढ आहे म्हणून."

"ते वेगळं," मी म्हटलं.

रविवारी दहाला दहा कमी असताना आम्ही मामाच्या गल्लीत शिरलो. फाटकाशी मामा आणि गिऱ्हाईक उभे होते. आई थांबली नाही.

"आई, घर गेलं."

"दिसतंय. चढावर थांबले तर परत निघणार नाही. काच खाली कर."

गल्लीला वळसा घालून आम्ही पुन्हा आलो. "दादा, आले!" आई ओरडली. मामानं तोंड उघडलं, पण तोवर कोपरा आला.

दुसऱ्या फेरीला : "आईनं मला का नाही शिकवलं ते कळलं!"

"का?" मामा ओरडला. उत्तर द्यायला अख्खा वळसा घालावा लागला.

"घाबरायची!"

"कोण, आपली आई? कशाला?"

चौथ्या फेरीला आई म्हणाली, "मला काही होईल म्हणून!" तिचा आवाज मध्येच फाटला आणि कोपऱ्यावर ती इंडिकेटर द्यायला विसरली. मी तिच्या वतीनं खिडकीतून हात काढला.

पाचव्या फेरीला गिऱ्हाईक नव्हतं. मामा भर रस्त्यात उभा होता. हातात गाडीची कागदपत्रं आणि डोळे लाल. विमा कंपनीतल्या माणसानं असं उभं राहू नये. आईनं ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली आणि बंद पडली.

मामानं मागचं दार उघडलं, आत बसला, कागदपत्रं पुढे माझ्या मांडीवर टाकली.

"आता नीट सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून. आणि रस्त्याकडे बघत सांग."

चौथ्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली.